डालड्याचं तुणतुणं

कुणी तीच ती गोष्ट सांगत बसला, की आपण म्हणतो, याचं एकच तुणतुणं. म्हणणाराचं चुकत नाही. या वाद्याला तार एक, सूरही एकच. पण खंडोबाच्या जागरणात त्या एका सुरावर वाघ्या अख्खी रात्र काढतो. गळा बसला, डोळे मिटायला लागले, तरी त्याला पाय टेकायला तेवढीच जमीन असते.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या तात्यांच्या पायाखालची ती जमीनच गेली. तात्या म्हणजे माझे चुलते, नवसाचे वाघ्या. भीमेच्या अल्याड शिरूर तालुका, पल्याड दौंड. आमचं गाव अल्याडचं. दिवसा सगळे खडी फोडायला, रात्री रेशनच्या मिलोची भाकरी. अशात पल्याडच्या एका घरी लग्नाचं जागरण ठरलं. शिधा मिळणार होता. तात्यांनी आढ्याला टांगलेलं तुणतुणं काढलं, तर लाकडी नळकांडं वाळवीनं पोखरलेलं. नवं घ्यायला पैसे कुठले?

त्यांनी डालड्याचा रिकामा डबा घेतला, छिन्नीनं बूड उडवलं. छपरातला कळकाचा तुकडा डब्याच्या अंगाला आवळला, वर बाभळीची खुंटी बसवली. दौंडच्या सायकलवाल्यानं टाकून दिलेली ब्रेकची वायर आणली आणि पीळ उसवून त्यातली एकच तार घेतली.

राहिलं कातडं. चाऱ्यावाचून मेलेल्या शेळीचं वाळलेलं कातडं घरात होतं; केस तात्यांनी राख लावून खरडले. पण मढवायच्या आधी ते रात्रभर भिजायला हवं, आणि पाणी तर काकी नदीच्या वाळूत झिरा खांदून वाटीवाटीनं भरून आणायची.

“आवं, प्यायला पानी न्हाई आन् कातडं कसलं भिजवताय?”

तात्या काही बोलले नाहीत. तार पुसत राहिले.

रात्री काकीनंच आपल्या वाटचं पाणी घमेल्यात ओतलं. म्हणाली, “जिती व्हती तवा पोटभर मिळालं न्हाई तिला. आता पिऊ दे.”

सकाळी ओलं कातडं बुडाला ताणून सुतळीनं करकचून बांधलं. सुकल्यावर ते टणक झालं. मधोमध भोक पाडून तार डब्यातून वर खुंटीला नेली. खालची गाठ कातडं फाडून निसटू नये, म्हणून काकीनं उतरंडीच्या गाडग्यातला इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा काढून दिला. बाजारात त्याचं काही येत नव्हतं; इथं तो कामाला आला.

पहिल्यांदा छेडलं तेव्हा नुसता डबा खणखणला. तात्यांनी वरून गोणपाट गुंडाळलं, खुंटी पिळली, कान लावला. मग आवाज भरला.

जागरणात उसाऐवजी कडब्याची पाच ताटं उभी केली होती. पहाटेपर्यंत तात्यांचा गळा सुरावरून घसरला नाही. येताना उपरण्यात ज्वारी बांधून आणली.

पुढं पाऊसपाणी झालं, तरी त्यांनी लाकडी तुणतुणं घेतलं नाही. पावसाळ्यात मात्र कातडं सैल पडायचं. तेव्हा जागरणाला निघायच्या आधी काकी ते चुलीपुढं धरून शेकून द्यायची.