दिवाणखान्यातील ज्यूरी

दुसऱ्याच्या भांडणाचा निवाडा करण्याची हौस मनुष्यास केव्हापासून जडली हे सांगणे कठीण आहे. ती भागविण्याची सोय मात्र काळाप्रमाणे बदलत आली आहे. पूर्वी ती चावडीवर व पारावर भागत असे. मध्यंतरी सरकारनेच ज्यूरी नेमून काही निवडक गृहस्थांची ही हौस पुरविली. परंतु 1959 साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांस ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले व तेथे आरोपीस जन्मठेप झाली. ह्या प्रकारात ज्यूरीची जी अब्रू गेली ती पुन्हा आली नाही, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. तेव्हापासून ज्यूरी नामशेष झाली असे वाचकांस वाटत असेल. आमचे मत तसे नाही. 5 डिसेंबर 2022 पासून ती रात्री साडेआठ वाजता ठाण्यापासून कल्याणापर्यंत घरोघर बसू लागल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या दिवशी स्टार प्रवाह वाहिनीवर ‘ठरलं तर मग’ ही मालिका सुरू झाली. मूळ कथा ‘रोजा’ ह्या तमिळ मालिकेची. पण मराठी पेहरावात ती इतकी रुळली की तिचे माहेर कोठले ह्याची चौकशी कोणी फारशी केली नाही. वात्सल्य आश्रमात वाढलेली सायली, तिला लहानाचे मोठे करणारे मधुभाऊ, त्यांच्यावर आलेला खुनाचा आळ आणि त्यांची बाजू घेणारा अर्जुन सुभेदार नावाचा तरुण वकील, असा तिचा पाया. जुई गडकरी व अमित भानुशाली ही जोडी प्रेक्षकांस पहिल्या आठवड्यातच पसंत पडली. ज्योती चांदेकर ह्यांनी उभ्या केलेल्या पूर्णा आजीस तर आमच्या इमारतीतील वृद्ध स्त्रियांनी आपल्या भिशीतच घेतल्यासारखे केले होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये चांदेकरबाई निवर्तल्या तेव्हा ह्या स्त्रियांनी घरचे माणूस गेल्याप्रमाणे हळहळ केली.

पहिल्या काही भागांवर आमच्या आसपास ज्या प्रतिक्रिया उठल्या त्या त्या वेळी आम्ही कान देऊन ऐकल्या. आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेस, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. तेव्हा ‘दिवाणखाना’ हा मथळ्यातील शब्द वाचकांनी उदार बुद्धीने घ्यावा. साडेआठ ही वेळ डोंबिवलीकरास तशी गैरसोयीची. निम्मे घर अजून गाडीत लोंबकळत असते. आमच्या सौभाग्यवती नोकरीनिमित्त ठाण्यास जातात. त्यांच्या सांगण्यावरून, चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी स्त्रियांच्या डब्यात एकाच मोबाईलवर चार जणी मिळून पाहत, आणि मुंब्र्यापर्यंत सायलीने काय करावयास हवे होते ह्याचा ठराव एकमताने मंजूर होई. सायली वाजवीपेक्षा फार सोशीक आहे, ही तक्रार तरुण मुलींची. ती सोशीक आहे म्हणूनच आम्ही पाहतो, हे उत्तर त्यांच्या सासवांचे. तिसऱ्या मजल्यावरील कायद्याच्या विद्यार्थ्याची तक्रार निराळीच होती. मालिकांतील न्यायालय पाहून आमच्या वर्गात कोणी उत्तरे लिहिली तर तो नापास होईल, असे तो म्हणे. कनिष्ठ न्यायालयांत न्यायाधीशांस नुसते ‘सर’ म्हटले तरी चालते, असे बार कौन्सिलने 2006 सालीच सांगून ठेवले आहे. पडद्यावरील वकिलांस हे अजून कोणी कळविलेले दिसत नाही.

ह्या टीकेचा परिपाक आम्हांस ठाण्यास, नौपाड्यातील मामांच्या घरी ऐकावयास मिळाला. मामांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अनेक वर्षे वकिली करून निवृत्ती पत्करली आहे. कोर्टनाक्यावरून जाताना त्यांचा हात अजून आपोआप कोटाच्या गुंडीकडे जातो. अर्जुन व सायली ह्यांचे ठरावीक मुदतीचे करारलग्न होते तो प्रसंग आम्ही त्यांच्या शेजारी बसून पाहिला. मामा खुर्चीतून जवळजवळ उठलेच.

“अरे, हा वकील खटल्याशी गुंतलेल्या मुलीबरोबर करार करून लग्न लावतो, आणि त्याची सनद अजून शाबूत कशी? सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल असतो, हे 1872 पासून कायद्यात लिहून ठेवलंय. हिंदू विवाह कायद्यात तर मुदतीचं लग्न ही चीजच नाही. उलट लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जसुद्धा साधारणपणे घेत नाहीत!”

“पुरे झाली वकिली,” मामी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “कराराचं काय ते पुढं बघू. ती पोर कोणाची आहे ते आधी त्यांना कळू दे.”

मामा गप्प बसले. आमच्या मते मामींनी त्या एका वाक्यात मालिकेचे मर्म पकडले होते. सायली ही किल्लेदार वकिलांची हरवलेली कन्या तन्वी, हे प्रेक्षकांस ठाऊक आहे. बापास ठाऊक नाही, आणि खुद्द मुलीसही नाही. मधुभाऊ निरपराध आहेत, हेही प्रेक्षकांस ठाऊक आहे. पडद्यावरील पोलिसांस व न्यायाधीशांस ठाऊक नाही. कायद्याचा काथ्याकूट हा नुसता वरचा मुलामा. आतील कथा शकुंतलेइतकी जुनी: मुद्रिका हरवली आहे, आणि ती कोणत्या मत्स्याच्या पोटी आहे हे आपण जाणतो. तेव्हा आता निकाल काय लागेल, ही उत्कंठा खरोखर नसतेच. जे आपणांस कळले आहे ते भरसभेत केव्हा उघड होईल, ह्याची ती तळमळ असते. ही तळमळ खोटी किंवा हलकी आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. दिवसभर कार्यालयात वरिष्ठांचे ऐकून घेऊन आलेल्या मनुष्यास, एका तरी जागी सत्य सर्वांसमक्ष मान्य झाले, हे पाहून जो विसावा मिळतो त्यास हसणारा मनुष्य दुष्टच म्हटला पाहिजे.

आपल्या रंगभूमीवर हा प्रकार नवा नाही. आचार्य अत्रे ह्यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगमंचावर आले, तेव्हा प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे हाच सारी सोंगे आणणारा लफंगा आहे हे प्रेक्षक पुरते ओळखून होते. तो प्रत्येक साक्षीदारास कसा झुकांडी देतो ह्यातच त्यांची मौज होती. कल्याणच्या नाट्यगृहास अत्र्यांचेच नाव आहे, हे ह्या संदर्भात आम्हांस उगाचच सुखद वाटते. तेथे अपराधी ठाऊक होता, येथे निरपराधी ठाऊक आहे. न्यायाधीशापेक्षा अधिक कळल्याचा मान प्रेक्षकास दोन्हीकडे सारखाच. हा मान ज्यांनी दिला नाही त्यांचे काय झाले तेही पाहा. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट 2015 साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. व्हेनिसला गौरव, येथे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मध्यंतरात उठून आले. कारण विचारता म्हणाले, “त्यात नुसत्या तारखा पडतात हो!”

तारखा कशा पडतात ते पुढे आम्ही कल्याणास पाहिले.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. एका पतसंस्थेत ते हिशेबनीस होते. संस्था बुडाली, ठेवीदारांनी तक्रार केली, आणि आरोपींच्या यादीत ह्यांचेही नाव आले. काही आठवडे आधारवाडीच्या तुरुंगात काढून ते जामिनावर सुटून आले, त्यास मालिका सुरू झाली तेव्हा चार वर्षे होत आली होती. त्यांनी पैसे खाल्ले की नुसत्या सह्या केल्या, हे इमारतीत कोणीही पाहिलेले नाही. आम्हीही नाही. ती रात्र, ते कपाट, ती वही आम्हांस कोणी कॅमेऱ्यातून दाखविलेली नाही. पण इमारतीच्या ज्यूरीस त्याची गरज भासली नव्हती. पूर्वी त्यांच्याकडे गणित शिकावयास जाणारी मुले जाईनाशी झाली. गणपतीच्या वर्गणीची पावती त्यांच्या दाराशी येईना. मधुभाऊंस पडद्यावर बेड्या पडल्या तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील एक बाई डोळे पुशीत म्हणाल्या, “निर्दोष माणूस तोंडावरूनच कळतो हो.” तळमजल्यावरील गृहस्थांविषयी त्यांचे मत काय, असे कोणीसे सहज विचारले. त्या म्हणाल्या, “त्यांचंही तोंडावरूनच कळतं.”

त्या गृहस्थांचा मुलगा परगावी असतो. एका तारखेस बरोबर कोणी नाही असे कळल्यावरून आम्ही रजा घेऊन त्यांच्यासमवेत कल्याणच्या न्यायालयात गेलो. आमच्याही डोक्यात कोठेतरी तो पडद्यावरचा साक्षीदाराचा पिंजरा व वकिलांचा घनगर्जित आवाज असावा. पाहिले ते असे. वऱ्हांड्यातील बाकावर जागा नव्हती. अकरा वाजल्यापासून आम्ही भिंतीस टेकून उभे. आत एका निराळ्याच प्रकरणात साक्ष चालली होती. वकिलाचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोहोचत नव्हता. साक्षीदार एक वाक्य बोले, न्यायाधीश ते टंकलेखकास सांगत, तो ते उतरवून घेई, आणि तोपर्यंत साक्षीदार पुढचे विसरे. “सावकाश सांगा,” असे न्यायाधीश त्यास दोनदा म्हणाले. कोणी मेजावर हात आपटला नाही. कोणाचे रहस्य फुटले नाही. पाऊण वाजता शिपायाने आमच्या गृहस्थांच्या नावाचा पुकारा केला. सरकारपक्षाचा साक्षीदार गैरहजर होता. पुढील तारीख पडली. ह्या सर्वास चार मिनिटेही लागली नसतील.

परंतु त्या चार मिनिटांत एक गोष्ट घडली, ती आम्ही विसरू शकत नाही. त्या खोलीतील न्यायाधीशांनी आमच्या गृहस्थांच्या तोंडाकडे पाहिले, व त्यांच्या मुद्रेवरून त्यांचा काय ग्रह झाला हे आम्हांस काहीएक कळले नाही. ते म्हणाले, “तब्येत बरी आहे ना? बसा, तारीख लिहून घ्या.” पुराव्यावाचून मत न बनविलेला मनुष्य कसा दिसतो, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. मालिकेत असा मनुष्य रुक्ष वाटला असता. लेखकाने त्यास दोन दिवसांत काढून टाकले असते.

परतीच्या गाडीत आम्ही विषय बदलण्यासाठी मालिकेची गोष्ट काढली, तो काय आश्चर्य, गृहस्थ ती पहिल्या भागापासून पाहत होते! वर्तमानपत्र वाचवत नाही, कोणी येत नाही, तेव्हा साडेआठास ते आणि त्यांच्या पत्नी दूरचित्रवाणीपुढे बसतात.

“पाहवते तुम्हांला?” आम्ही विचारले.

“का नाही?” ते म्हणाले. “मधुभाऊंचं मला फार बरं वाटतं. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यांनी काही केलेलं नाही. नुसत्या न्यायाधीशालाच पटवायचं राहिलंय. माझं उलटं आहे. न्यायाधीशाला पटलं तरी जिना चढताना पुन्हा प्रत्येक मजल्यावर पटवावं लागणार.”

मालिका पुढे प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत दीर्घकाळ अग्रभागी राहिली, आणि पडद्यावरील खटला निकालास येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. स्त्रियांच्या डब्यात त्यावरून पुष्कळ असंतोष माजला होता. किती ताणतात, काही मर्यादा आहे की नाही, असे जो तो म्हणे. तळमजल्यावरील गृहस्थांस तसे काही वाटले नाही. खुनाचा खटला, इतके साक्षीदार, आणि एवढ्यात निकाल म्हणजे फार लवकर लागला, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा त्यांचा स्वतःचा खटला सातव्या वर्षात होता. गैरहजर राहणारा तो साक्षीदार एकदाचा येऊन गेला आहे. त्याची उलटतपासणी अजून व्हावयाची आहे.