बंगळुरातील एक भोजन

प्रवासास निघताना दुधात भिजविलेल्या दशम्यांचा डबा बांधून घ्यावा आणि परक्या हातचा भात खाऊ नये, हा आपल्या घरांतील कित्येक पिढ्यांचा दंडक होता. आमच्या काकूंनी तो वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत निष्ठेने पाळला. आमच्याबरोबर बंगळुरास आल्या तेव्हाही डबा होताच. परंतु तिसऱ्या दिवशी त्याचा तळ दिसू लागला. "काकू, आज बाहेर जेवावयाचे का?" असे आम्ही भीतभीतच विचारले. त्यांनी उलट विचारले, "शिजवितात कुठे, ते दाखवितात का रे?"

असा प्रश्न करणाऱ्या माणसास न्यावयाचे स्थळ बंगळुरात ठरलेलेच आहे. लालबागेच्या रस्त्यावरील 'मावळ्ळी टिफिन रूम्स' हे ते उपाहारगृह. उडुपीकडील परंपळ्ळीच्या मय्य बंधूंनी १९२४ साली ते काढले. त्यांपैकी यज्ञनारायण मय्य १९५१ साली युरोपात जाऊन आले आणि तेथील टापटीप पाहून त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आपल्याकडे सुरू केली. ग्राहकाने स्वयंपाकघर आपल्या डोळ्यांनी पाहावे, असाही त्यांचा आग्रह असे. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला तेव्हा रव्याची इडली आमच्याच चुलीवर जन्मली, असे या घराचे सांगणे आहे.

आम्ही काकूंची इच्छा व्यवस्थापकांस कळविली. ते गृहस्थ हसले आणि त्यांना हाताशी धरून आत घेऊन गेले. काकूंनी ओटे पाहिले, मोरी पाहिली, वाफाळणारी पातेली पाहिली. वाढप्यांचे हातही निरखून पाहिले. बाहेर आल्या त्या थेट टेबलाशी जाऊन बसल्या. समोरच्या दोन खुर्च्यांवर एक अनोळखी जोडपे आधीच बसलेले होते.

मग वाढणे सुरू झाले. प्रथम कोसंबरी आली. भिजविलेली मुगाची डाळ, काकडी आणि खोबरे. आपल्या कोशिंबिरीची ही सख्खी बहीण, हे काकूंनी नाव ऐकताच ओळखले. मागोमाग पल्य म्हणजे सुकी भाजी, पुरी, लहानसा खरपूस डोसा आणि त्यावर तुपाची धार. बिसि बेळे भात आला तेव्हा समोरच्या बाईंनी आपण होऊन अर्थ सांगितला : बिसि म्हणजे ऊन, बेळे म्हणजे डाळ. चिंच, मसाला आणि तूप यांनी तो भात असा मिळून आला होता की, काकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. पुढे सार-भात, दहीभात, गोड पदार्थ आणि शेवटी रुप्याच्या पेल्यात कॉफी. समोरच्या मंडळींचे कूळ-गोत्र काकूंनी विचारले नाही. नातवंडे किती, एवढेच विचारले.

रात्री आम्ही मुद्दाम विषय काढला. त्या म्हणाल्या, "हात धुतलेले दिसले. आणखी काय पाहावयाचे?"

हे वाक्य आम्हांस साधे वाटत नाही. याच उपाहारगृहाचे मूळचे नाव 'ब्राह्मण कॉफी क्लब' असे होते. दक्षिणेत अशा पाट्या पुष्कळ होत्या. मद्रासेत अशाच एका पाटीवरील 'ब्राह्मण' शब्द काढावा म्हणून पेरियार यांनी १९५७ साली आंदोलन केले. त्यापूर्वीच, १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहांची दारे जातीच्या कारणाने कोणासही बंद करता येणार नाहीत, असे ठरविले होते. सोवळ्यात दोन गोष्टी एकत्र गुंतलेल्या होत्या : अन्नाची स्वच्छता आणि माणसाचा दुरावा. पहिली राखून दुसरी टाकता येते, हे काकूंनी एका दुपारी दाखविले, आणि तेही एकही व्याख्यान न देता.

आपल्यापैकी कित्येक घरांत कामास येणाऱ्या बाईंचा चहाचा पेला अद्याप वेगळ्या कोनाड्यात उपडा घातलेला असतो. त्याच घरांतील मंडळी उपाहारगृहात, आधी कोण प्याले याची चौकशी न करता, पेला खुशाल ओठांस लावतात. आम्ही परत आलो त्या आठवड्यात काकूंनी आमच्या घरातील तो पेला कोनाड्यातून काढला, स्वच्छ घासला आणि इतर पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. आता तो कोणता, हे आम्हांसही ओळखता येत नाही.