ठरलं कुठे, ठरवलं कोणी?

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे नक्की काय करतेस, हे विचारणं घरच्यांनी केव्हाच सोडून दिलं आहे. एका बाजूला सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी असतात, दुसऱ्या बाजूला ते वापरणारी. वापरणाऱ्यांना नेमकं काय हवं आहे हे विचारायचं, खोदायचं, आणि लिहिणाऱ्यांना कळेल असं कागदावर आणायचं, हा माझा धंदा. या हव्या असलेल्या गोष्टींना आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. सॉफ्टवेअर बांधण्यातलं सगळ्यांत अवघड काम म्हणजे काय बांधायचं ते ठरवणं, असं संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ साली एका निबंधात मांडलं आणि तो निबंध आमच्या क्षेत्रात अजून वाचला जातो. मधल्या काळात प्रोग्रामिंगच्या भाषा बदलल्या, क्लाउड आला, फोन खिशात आले; हे अवघड काम मात्र होतं तिथेच आहे.

ते काम जिथे चालतं ती जागा तेवढी बदलली. मी शिकाऊ होते तेव्हा वरिष्ठांच्या कपाटात एसआरएसच्या, म्हणजे रिक्वायरमेंटच्या सविस्तर दस्तऐवजांच्या, जाडजूड फायली असायच्या. प्रत्येक रिक्वायरमेंटला क्रमांक, शेवटच्या पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या. लिहून होईपर्यंत ग्राहकाचं मत बदललेलं असे, ही त्या पद्धतीची खोड. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी बदल सामावून घेणाऱ्या अजाइल पद्धतीचा जाहीरनामा काढला. त्याच वर्षी, त्या १७ जणांपैकीच एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी तीन ‘सी’ सांगितले: कार्ड, कॉन्व्हर्सेशन, कन्फर्मेशन. कार्डावर फक्त ओळभर आठवण ठेवायची. खरी रिक्वायरमेंट समोरासमोरच्या बोलण्यात उलगडायची. आणि आपण ठरवलं तेच झालं का, हे दोघांनी मान्य केलेल्या चाचणीने तपासायचं. जेफ्रीज यांच्या डोक्यात एकाच खोलीत बसलेली टीम होती. ती खोली मोडली. २०१३ मध्ये स्लॅक आलं (मुळात एका गेम बनवणाऱ्या कंपनीचं घरगुती साधन, गेम बंद पडला, साधन जगलं), २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं टीम्स आलं, आणि बोलणं चॅटमध्ये गेलं. तेव्हापासून आमच्या बैठकांमध्ये ‘हे ठरलं होतं ना?’ एवढं सगळ्यांना आठवतं; कुठे ठरलं ते शोधायला कुणीतरी अर्धा तास वर-खाली स्क्रोल करत बसतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हातात आल्यावर हे स्क्रोल करणारं माणूस बदलायची सोय झाली. आता चॅटच्या चॅनेलमध्ये टीमच्या सदस्यासारखाच एक एआय सहायक असतो. त्याच्या नावाने हाक मारून म्हणायचं, ‘या धाग्यातून स्टोरी तयार कर.’ तो पन्नास-साठ निरोप वाचतो, वापरकर्ता कोण, त्याला काय हवं, कशासाठी हवं हे एका वाक्यात मांडतो (यालाच आम्ही स्टोरी म्हणतो), खाली चाचणीच्या अटी लिहितो आणि सांगितलं तर जिरा या कामं नोंदवायच्या साधनात तिकीटही उघडतो. मला ज्या कामाला दुपार जायची ते चहा संपायच्या आत होतं. हे मी कौतुकानेच सांगते आहे. पुढे तक्रारी येणार आहेत म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

त्याचं खरं कसब मसुदा लिहिण्यापेक्षा प्रश्न काढण्यात आहे. सध्या आमची टीम एका दूध संघासाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करते आहे. गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध येतं, यंत्र फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) मोजतं, दरपत्रकावरून दर लागतो, शेतकऱ्याला पावती मिळते आणि दहा दिवसांनी बिल. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून बोलला जातो; त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, काही पैसे वाढतात किंवा कापले जातात. पावतीची स्टोरी लिहून झाल्यावर मी सहायकाला म्हटलं, यात काय राहिलं ते विचार. त्याने विचारलं: वीज गेल्यावर फॅट हाताने टाकलं तर ते पावतीवर वेगळं दिसणार का? एकाच शेतकऱ्याने गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घातलं तर पावत्या किती? दर बदलला तो दिवसापासून लागू की पाळीपासून? अनुभवी अ‍ॅनालिस्टच्या डोक्यात हे प्रश्न असतात, पण शुक्रवारी संध्याकाळी असतीलच असं नाही.

शिवाय नवीन आलेल्या मुलामुलींना सहायकासमोर लाज वाटत नाही. ‘एसएनएफ म्हणजे काय’ हे भर बैठकीत विचारायचं धाडस नसतं. त्याला खाजगीत विचारता येतं. या एका गोष्टीने टीममधला न समजलेला भाग किती कमी झाला असेल, हे मोजायचं साधन नाही, पण फरक मला दिसतो.

आता फॅटच्या राउंडिंगचं प्रकरण सांगते, कारण या विषयावर मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आहे. यंत्र फॅट दोन दशांशांपर्यंत दाखवतं. दरपत्रकाच्या रकान्यांत एकच दशांश. संघाच्या हिशेब विभागातल्या साहेबांनी चॅनेलवर लिहिलं, ‘फॅट राउंड करून घ्या, चार्टला एकच डेसिमल आहे.’ आमच्या डेव्हलपरने ‘ओके’ लिहिलं. क्षेत्र पर्यवेक्षकांनी अंगठा दिला. सहायकाने यावरून सुरेख स्टोरी केली आणि खाली अट घातली: ३.४४ आल्यास ३.४ धरावे, ३.४५ आल्यास ३.५ धरावे. शाळेत शिकवतात तसं. आता या धाग्यात ३.४५ चं काय करायचं हे कुणीही बोललं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की संस्थांमध्ये वर्षानुवर्षं दुसरा दशांश सरळ सोडून देतात, म्हणजे ३.४९ आलं तरी ३.४. त्यालाही तिथे ‘राउंड करणं’च म्हणतात.

फरक किती पडतो? समजा संघाचं रोजचं संकलन १ लाख लिटर आहे आणि एका पॉइंटला ३० पैसे आहेत. दुसरा दशांश ० ते ९ सारख्याच प्रमाणात येतो असं धरलं, तर निम्म्या दुधाला शाळेच्या पद्धतीने एक पॉइंट जास्त मिळतो. ५० हजार लिटर गुणिले ३० पैसे, दिवसाला १५ हजार रुपये, महिन्याला साडेचार लाख. हे पैसे शेतकऱ्याचे की संघाचे, हा प्रश्न अंगठ्याने सुटणारा नाही. आणि तो सोडवायचा अधिकार चॅनेलवरच्या एकाचाही नव्हता. दराचं धोरण संचालक मंडळाकडे असतं.

सहायक खोटं बोलला का? तसं म्हणता येणार नाही. त्याच्यामागचं भाषेचं प्रारूप पुढे काय यायला हवं याचा अदमास घेत लिहितं. जिथे माहिती नाही तिथे जगात सर्वसाधारणपणे जे असतं ते बसवतं. रिकामी जागा सोडणं त्याच्या स्वभावात नाही. अडचण अशी की पूर्वीचा गबाळा मसुदा वाचताना भोक दिसायचं. ‘फॅट राउंड करणे’ एवढंच लिहिलेलं पाहून एखादा टेस्टर तरी विचारायचा, कसं? आता भेगेवर गिलावा होऊन, वर रंग देऊनच भिंत समोर येते. न झालेला निर्णय झाल्यासारखा दिसतो. आमच्या कामातली या साधनाने आणलेली सगळ्यांत मोठी जोखीम हीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गप्पा चालतात त्या नोकऱ्या जातील का याच्या.

उपाय आम्ही साधाच केला. सहायकाला कायमची सूचना दिली: मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला ते ज्या निरोपावरून घेतलं त्याचा दुवा जोड, आणि दुवा नसेल तर ते वाक्य ‘ठरायचं बाकी’ या मथळ्याखाली प्रश्न म्हणून टाक. त्याच धाग्यावर पुन्हा चालवल्यावर स्टोरी निम्मी झाली आणि खाली प्रश्नांची यादी आली. टीमला ती आवडली नाही. पूर्ण दिसणारं तिकीट सगळ्यांना हवं असतं, म्हणजे स्प्रिंट, कामाची ठरावीक मुदतीची फेरी, सुरू करता येते. पण अर्धी स्टोरी खरी होती. अर्थात दुवा आहे म्हणून निश्चिंत राहायचं नाही. दुव्यावरचा निरोप वेगळंच काही सांगतो आहे, असंही होतं. दुवा उघडून वाचायचा. हे कंटाळवाणं काम माणसाचंच राहिलं आहे.

अंगठ्याबद्दल थोडं. २०२३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयासमोर एक खटला आला. धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला, शेतकऱ्याने उलट अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. करार मिळाला एवढंच मला म्हणायचं होतं, असं शेतकऱ्याचं म्हणणं. न्यायालयाने ती मान्यता धरली आणि ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. त्या दोघांमध्ये आधीही असेच त्रोटक होकार फोनवरून होत आले होते, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. आमच्या चॅनेलवर अंगठ्याचे किमान तीन अर्थ आहेत: वाचलं, मान्य, आणि आता पुरे करा. सहायक तिन्ही एकच समजतो. ‘बघू’चंही तेच. आपल्याकडे ‘बघू’ बहुधा नकार असतो. सारांशात तो ‘विचाराधीन’ म्हणून येतो. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे की मंजुरी शब्दांत, ज्याला अधिकार आहे त्याने, स्टोरीच्या क्रमांकासकट लिहायची. सहायक तिकिटाची स्थिती सुचवू शकतो, बदलू शकत नाही.

दुसरं प्रकरणही योगायोगाने कॅनडातलंच. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, अशा थाटाचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने २०२४ च्या फेब्रुवारीत तो फेटाळला. ‘एआयने लिहिलं होतं’ हे वाक्य आमच्या बैठकांत मी ऐकते तेव्हा मला हा निकाल आठवतो.

आणखी एक तांत्रिक गाठ आहे. चॅनेलचा सगळा इतिहास सहायकाच्या डोक्यात असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दर वेळी त्याच्यासमोर अलीकडचे काही निरोप आणि अर्थाने जवळचे वाटलेले जुने निरोप ठेवले जातात, त्यावरून तो बोलतो. ‘नवा दर १ तारखेपासून’ आणि ‘नवा दर ११ तारखेपासून’ हे दोन निरोप अर्थाच्या या मोजमापात जवळपास जुळे. यातला पहिला रद्द झाला आहे हे कुणी स्पष्ट लिहिलंच नसेल, तर तो कोणता उचलेल याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही निर्णयांची नोंदवही सुरू केली: क्रमांक, निर्णय, कोणाचा, तारीख, आधीचा कोणता रद्द. सहायकाने आधी ती पाहायची, मग गप्पा. थोडक्यात, वरिष्ठांच्या कपाटातली ती फाईल परत आली. फक्त जाडी आणि सह्यांचं पान गेलं.

आणि जे चॅनेलवर नाहीतच त्यांचं काय? संस्थेचा सचिव, जो पहाटे साडेपाचला कुलूप उघडतो, त्याला टीम्सचं खातं नाही. त्याचं म्हणणं फोनवर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपात येतं. सहायकाचा रोजचा सारांश वाचला तर संघाचं सॉफ्टवेअर हिशेब विभागासाठीच चाललं आहे असं वाटेल, कारण टंकतात तेच जास्त. मी प्रत्येक फोननंतर दोन ओळींची नोंद चॅनेलवर टाकते, सचिवाच्या शब्दांत. तरीही केंद्रावर जाऊन उभं राहिल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. ओल्या हातांनी टचस्क्रीन चालत नाही, हे कुठल्याही धाग्यात नव्हतं.

गोपनीयतेचं थोडक्यात, कारण त्यात वादाला जागा नाही. शेतकऱ्यांच्या बँक खात्यांची यादी चाचणीसाठी म्हणून चॅनेलवर टाकण्याची सवय आमच्या क्षेत्रात आहे. सहायक असलेल्या चॅनेलवर ती यादी त्याच्याही वाचनात जाते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा वाचा आणि बनावट यादी वापरा. बाहेरून आलेली ईमेल जशीच्या तशी चिकटवतानाही जपा. तिच्यात लपवलेली सूचना सहायक स्वतःला दिलेली सूचना समजून पाळू शकतो.

राउंडिंगचा विषय संचालक मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर गेला आहे. निर्णय काहीही होवो, ठरावाचा क्रमांक तिकिटावर चढेपर्यंत ती स्टोरी ‘ठरायचं बाकी’ मध्येच राहील. तुमच्या टीममध्ये असा सहायक आला असेल किंवा येणार असेल, तर पहिल्याच दिवशी त्याला एक सूचना द्या: माहीत नसेल तिथे जागा रिकामी सोड. आणि दुसरी स्वतःला: ती रिकामी जागा भरायचा अधिकार कोणाचा आहे, त्याचं नाव तिथे लिहा.