गेट-टुगेदरमध्ये माझंच बीपी निघालं

आमच्या वेळी जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. ते 2018 मध्ये सुरू झालं. त्यामुळे मी एमबीबीएसला धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे कॉलेजात होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या बॅचचे पंचवीसएक जण धुळ्याजवळ एका मित्राच्या शेतावर भरीत पार्टीला जमलो. वांग्याचं भरीत, कळण्याच्या पुऱ्या आणि प्रत्येकाला होस्टेलातल्या टोपणनावाने हाका.

जेवणाआधी गेलेल्या चार मित्रांची नावं घेऊन आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. त्यातले दोघं पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकने गेले. दोघंही डॉक्टर. त्यांनी स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं.

माझा जुना रूम पार्टनर आता सर्जन आहे. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझं बीपी कधी मोजलंस?"

"रोज तीस-चाळीस जणांचं मोजतो."

"त्यांचं नाही, तुझं विचारतोय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने गाडीतून मशीन आणलं, पाच मिनिटं गप्प बसवलं आणि मोजलं. 168/102. मी लगेच कारणं सांगायला लागलो: प्रवास, जागरण, कामाचा ताण. तो हसून म्हणाला, "तुझे पेशंट पण हेच सांगतात ना रे?"

एकाच रीडिंगवर सहसा बीपीचं निदान करत नाहीत. म्हणून मी आठवडाभर घरी सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजलं. घरच्या मोजणीची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर ते वाढलेलं बीपी समजतात. माझी 150 च्या वर होती. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. बहुतेकांना बीपीचा काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून तर ते मोजावं लागतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, दंडाचा पट्टा छातीच्या पातळीवर असू द्या आणि बोलू नका.

अमेरिकेत हार्वर्ड कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास 1938 मध्ये सुरू झाला. शिक्षण संपल्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य संशोधकांनी नोंदवलं. ज्यांची नाती पन्नाशीत समाधानाची होती, त्यांची तब्येत ऐंशीव्या वर्षी जास्त चांगली दिसली. असं का होतं, याला अनेक कारणं असतील. मला त्यातलं एक त्या शेतावर कळलं. जळगावात मला सगळे "डॉक्टरसाहेब" म्हणतात. डॉक्टरसाहेबांना त्यांचं बीपी कोण विचारणार? ते विचारायला अरे-तुरे करणारा माणूस लागतो.

तुम्हीही कुणाचे तरी साहेब, सर, भाऊ किंवा काकू असाल. घरात सगळ्यांच्या गोळ्या तुम्ही आणत असाल आणि स्वतःची तपासणी दिवाळीनंतर, लग्नसराईनंतर अशी पुढे ढकलत असाल. पुढच्या गेट-टुगेदरला एक बीपीचं मशीन सोबत न्या. फोटो काढायच्या आधी सगळ्यांचं मोजा. ग्रुपमधून गप्प झालेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला मेसेज नको, फोन करा.

मी आता रोज गोळी घेतो, मीठ कमी केलंय, सकाळी मेहरूण तलावाकडे चालायला जातो. बीपी 130 च्या आत आहे. तरी दर रविवारी धुळ्याहून फोन येतोच: "आकडा सांग."