भरतीची रेषा

वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही. पैनगंगा आहे, अडाण आहे, पावसाळ्यात शेत कापून नेणारे नाले आहेत. पण ज्याचा पैलतीर दिसत नाही असे पाणी येथील पुष्कळांनी चित्रातच पाहिलेले असते. म्हणून आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी जोडप्याने लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी समुद्रकिनारी दोन रात्री राहण्याचा बेत केला, तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला. सोयाबीन विकून झाले होते, तूर शेंगांवर होती, मुलगा घर सांभाळणार होता. युवक शिबिराचा तंबू आम्ही त्यांना दिला आणि न विचारताच सल्लाही दिला : "पाण्याजवळच लावा. लाटांचा आवाज ऐकत झोपण्यासारखे सुख नाही."

हा सल्ला आम्ही कोठून आणला, हे सांगितले पाहिजे. २०००च्या जुबिली वर्षी आम्ही शिक्षणासाठी रोममध्ये होतो. सुटीत इटलीच्या पश्चिम किनाऱ्याने प्रवास करताना पाइनच्या सावलीतील तंबूतळ पाहिले. एका तंबूपुढे पन्नाशीचे पतिपत्नी कॉफीचे पेले हाती घेऊन, काही न बोलता, पाण्याकडे पाहत बसले होते. ते चित्र मनात राहून गेले. परंतु भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त. महासागराशी त्याची गाठ जिब्राल्टरच्या अरुंद दारातूनच पडते. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर फूटभराच्या आसपास असते. आम्ही तोच समुद्र सर्व समुद्रांचे माप मानला.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा झाल्यापासून कोकण आम्हांला पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. दोघे श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला पोहोचले, ती पौर्णिमेची संध्याकाळ होती. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने येथील सुपारीच्या बागा आणि सुरूची झाडे आडवी केली होती. पुळण मात्र तशीच विस्तीर्ण. ओहोटीने पाणी दूर गेलेले. विचारावयास जवळपास कोणी नव्हते. पतीने ओल्या वाळूत खुंट्या ठोकण्यास आरंभ केला.

"अहो, इथं नका लावू," ती म्हणाली. "तो काडीकचरा पाहा कुठवर अडकला हाये. पाणी तिथवर येऊन गेलं."

"फादरनं सांगतलं, पाण्याजवळच लावा," त्याने उत्तर दिले, आणि वाद मिटला.

तिने समुद्र प्रथमच पाहिला होता. परंतु नाल्याचा पूर ओसरल्यावर बाभळीच्या बुंध्याशी अडकलेल्या काड्या पाहून पाणी कोठवर चढले होते, हे ती लहानपणापासून ओळखत आली होती. कोकणातील मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिला हे गणित ठाऊक नव्हते, आणि त्याची तिला गरजही पडली नाही.

अकराच्या सुमारास पाणी तंबूत शिरले. पौर्णिमेचे उधाण, कोकणात अशा वेळी पाणी दहा फुटांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक चढते. गोधडी भिजली, पिठाची पिशवी वाहून गेली. तंबू ओढत दोघे सुरूच्या झाडांपर्यंत आले आणि उजाडेपर्यंत तेथेच बसून राहिले.

परतल्यावर तो आमच्याकडे आला. तक्रार करील, असे वाटले होते. तो म्हणाला, "फादर, त्या रात्री म्या आठवत बसलो. बोअर कुठं घ्यावी, पोराले कोणत्या शाळेत घालावं, कर्ज काढावं का नाही... दरखेपेला तिनं सांगतलं होतं. म्या ऐकलंच नाही." थोडा वेळ थांबून त्याने पुढे सांगितले, "ते म्या तिले तिथंच बोलून दाखवलं."

विवाहपूर्व शिबिरांत आम्ही वर्षानुवर्षे तरुणांना शिकवीत आलो की, पतिपत्नींनी परस्परांचे ऐकावे. येथे त्याने पत्नीचे ऐकले नाही, ते आमचे ऐकण्यासाठी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका चित्राच्या मोहाने आम्ही त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसलो होतो.

तंबू परत करावयास ती आली, तेव्हा आम्ही तिची क्षमा मागितली आणि इटलीची सारी हकीकत सांगितली. ती हसली. "म्हणजे फादर, तुमचा समुद्र आमच्या विहिरीसारखाच म्हणा!"

पुढील वर्षी सोयाबीन विकल्यावर दोघे पुन्हा जाणार आहेत. जागा ती निवडणार आहे. आम्हांला त्यांनी सल्ला विचारलेला नाही. आम्हीही दिलेला नाही.