न ऐकणारी लाइन

ग्रिड नियंत्रण कक्षातल्या ड्यूटीवर आम्हाला भद्रावतीची कधी काळजी नसायची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या केंद्रात पश्चिम ग्रिडची एसी वीज डीसी होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन दक्षिणेकडे निघते. क्षमता १००० मेगावॅट. ६०० चा आकडा दिला की ६००च जाणार. पलीकडची फ्रिक्वेन्सी काही का असेना.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची एसी लाइन जोडली गेली आणि दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाबरोबर एका फ्रिक्वेन्सीवर आली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण या लाइनीला आकडा सांगायची सोय नाही. दोन टोकांच्या व्होल्टेजमधला कोन जितका मोठा, तितका भार जास्त. आणि तो कोन ठरतो कुठे किती निर्मिती आणि कुठे किती मागणी यावरून. शेड्यूलमध्ये काहीही लिहा, वीज ते वाचत नाही.

मग करायचं काय? सोलापूर लाइनीच्या भाराचा आकडा स्क्रीनवर चढू लागला, की आम्ही लाइनीला हातच लावत नाही. अलीकडची निर्मिती उतरवायला सांगायची, पलीकडची चढवायला. किंवा भद्रावतीचा आकडा शंभराने वाढवायचा, म्हणजे एसीवरचं ओझं जवळपास तेवढंच हलकं होतं. एखादी भरलेली लाइन सरळ उघडावी असा मोह नवख्यांना होतो. तिचा भार शेजारणींवर जातो, हे विसरून चालत नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर लाइनीचं एक सर्किट कामासाठी बंद होतं, पश्चिमेत वीज उरत होती आणि उत्तर ओढत होती. दुसऱ्या सर्किटच्या रिलेने जादा भारालाच फॉल्ट समजून ते तोडलं, भार शेजारणींवर गेला, आणि जवळपास अख्खी उत्तर ग्रिड अंधारात गेली. दक्षिण वाचली, कारण तेव्हा ती डीसीनेच जोडलेली होती.

एवढ्यावरून डीसीच बरी, असं म्हणणारे आमच्यात आहेत. मला ते पटत नाही. दक्षिणेतल्या कुडनकुलमचं १००० मेगावॅटचं युनिट अचानक पडलं, तर आमचा फोन वाजायच्या आत सोलापूरवरून मदत निघालेली असते, कुणी न सांगता. नुसत्या आकड्यावर चालणारी डीसी आकडा बदलेपर्यंत जागची हलत नाही. दोन्ही हव्यातच, पण एकच ठेवा म्हणालात, तर मी सोलापूर ठेवेन.