वरवंटा की रोलर

हैदराबादेत मी रशियन शिकवते. इथल्या मराठी मंडळींचे एक छोटे फिल्म मंडळ आहे. आंद्रेई तारकोव्स्कीने १९६० साली पदवीसाठी केलेला पाऊण तासाचा चित्रपट ते दाखवणार होते. पत्रकासाठी त्याचे नाव मराठीत करून द्या, एवढेच माझ्याकडे काम होते. 'कातोक इ स्क्रीप्का'. स्क्रीप्का म्हणजे व्हायोलिन. अडले ते कातोकपाशी.

कातोक म्हणजे रस्त्यावर फिरतो तो रोलर. बर्फावर स्केटिंग करायच्या मैदानालाही हाच शब्द आहे. इंग्रजीत या चित्रपटाच्या नावात 'स्टीमरोलर' आहे, पण रशियन नावात वाफ नाही. शिवाय हा शब्द रशियनमध्ये साधा राहिलेला नाही. स्तालिनच्या काळातल्या अटकसत्रांविषयी लिहिताना 'दडपशाहीचा कातोक' असे सर्रास म्हणतात. अमक्याच्या घरावरून तो गेला. मराठीत तिथे डोळे मिटून 'वरवंटा' लिहावा. मी स्वतः कितीदा लिहिला आहे. आमच्या घरी वरवंटा आईच्या दोन हातांत असायचा. भाषेत तो फिरतो तेव्हा मात्र कोणाचेच हात दिसत नाहीत.

इथे हेही सांगायला हवे, की माझे वडील रोड रोलर चालवायचे. बांधकाम खात्यात, तीस वर्षे. शाळेत कोणी विचारले तर मी 'खात्यात आहेत' एवढेच सांगायची. एकदा शाळेच्याच रस्त्यावर डांबरीकरण चालू होते. आप्पांनी मला पाहून हात वर केला. मी मैत्रिणींबरोबर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले.

'रशियन स्टीमरोलर' हा शब्दप्रयोग मुळात रशियाचा नव्हेच. १९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. झारचे अफाट सैन्य सावकाश, पण बर्लिनपर्यंत सगळे सपाट करत जाणार, ही त्यांची आशा. जर्मनांना त्याचीच धास्ती. प्रत्यक्षात जनरल साम्सोनोव्हचे सैन्य पूर्व प्रशियात शिरले ते वाळूच्या वाटा तुडवत, पाव कमी पडत असताना. रशियन रेल्वेचे रूळ जर्मन रुळांपेक्षा रुंद, त्यामुळे गाड्या सरहद्दीपुढे जाईनात. बिनतारी संदेश कित्येकदा सांकेतिक भाषेविना, उघड जायचे आणि जर्मन ते ऐकायचे. महिनाअखेरीस टानेनबर्गला हे सैन्य वेढले गेले. नव्वद हजारांच्या आसपास माणसे कैद झाली. साम्सोनोव्हने रानात स्वतःवर गोळी झाडून घेतली. रोलर म्हटले की ही दमलेली, उपाशी माणसे दिसेनाशी होतात. लंडनमध्ये पेपर वाचणाऱ्याला ती दिसायची गरजही नव्हती.

पण यंत्रावर माणूस बसला आहे म्हणून ते निष्पाप ठरत नाही, हेही खरे. १५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागात काही चित्रकारांनी सरकारी मेहेरबानीशिवाय उघड्यावर आपली चित्रे मांडली. त्यांच्यावर बुलडोझर आणि पाण्याच्या गाड्या घातल्या गेल्या. चित्रकार ऑस्कर राबिन एका बुलडोझरला लटकून राहिला. ती यंत्रे कोणीतरी चालवत होते; सकाळी घरून कामावर म्हणून निघालेले कोणीतरी. आप्पांचा रोलरही एकदा पेपरात आला होता, जप्त केलेल्या दारूच्या बाटल्या चिरडताना. फोटोत साहेब होते, चाक होते, आप्पा कापले गेले होते. "काचेचं काही नाही," ते म्हणाले होते, "वास दोन दिवस जाईना."

तारकोव्स्कीच्या चित्रपटात साशा नावाचा व्हायोलिन शिकणारा मुलगा आणि सर्गेई नावाचा रोलरचालक यांची एका दिवसाची दोस्ती आहे. गल्लीतली पोरे साशाला छळतात. सर्गेई त्याला रोलर चालवू देतो. साशा त्याला व्हायोलिन वाजवून दाखवतो. संध्याकाळी दोघांनी 'चापायेव' पाहायला जायचे ठरते. आई साशाला सोडत नाही. सर्गेई थिएटरबाहेर वाट पाहत राहतो. सोव्हिएत चित्रपट म्हटल्यावर कामगार आणि कलावंत यांचे गळ्यात गळे अपेक्षितच. पण ते वाट पाहणे पोस्टरवरचे नाही. तेवढा भाग मी पुन्हा लावून पाहिला नाही.

रात्री आप्पांना फोन केला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. सिनेमाला जायचे ठरते तिथपर्यंत गोष्ट सांगितली.

"पोराच्या हातात रोलर दिला?" ते म्हणाले. "रस्ता सपाट होता ना? उताराला रोलर ऐकत नाही."

सपाट होता, मी म्हटले.

"मग आला का पोरगा सिनेमाला?"

"नाही, आप्पा."

थोडा वेळ फोनवर नुसती टीव्हीची बडबड ऐकू येत होती. "लहान होता," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करू लागले.

पत्रकासाठी मी 'रोड रोलर आणि व्हायोलिन' असे लिहून पाठवले. नाव जरा रुक्ष वाटते, असे मंडळातल्या एकांनी कळवले आहे.